नव्या मोटारीची भूक

नवी मोटार दारात येते, तिला हार घातला जातो, चाकांखाली लिंबे चिरडली जातात, पेढे वाटून होतात. आणि दोन-तीन आठवड्यांत घरात निराळाच हिशेब सुरू होतो. विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही गाडी पोचत नसते. कर्जाचा पहिला हप्ता नुकताच भरलेल्या माणसाला हे झोंबते. गाडीतच खोट असावी, असा संशय त्याला येऊ लागतो. बहुधा तो अस्थानी असतो.

नुकतीच टाकी लावलेले जाते पहिल्या दिवशी जड फिरते. नव्या इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरच्या भिंतीवर तेल टिकावे म्हणून मुद्दाम सूक्ष्म तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासून नीट बसेपर्यंत घर्षण अधिक होते आणि जळलेल्या वायूचा थोडा अंश रिंगांच्या फटीतून निसटतो. बेअरिंगे, गिअरचे दाते, टायर हेही कोरेच असतात. इंजिन ‘मोकळे’ होणे म्हणतात ते हेच. मात्र आजची यंत्रे इतकी काटेकोर घडवलेली असतात की, या घर्षणावर सगळे खापर फोडणे बरोबर नव्हे.

टर्बोच्या गाडीत दुसरे कारण चालकाच्या पायाखालीच असते. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवावे आणि त्याच्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबावी, या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. या युक्तीमुळे लहान इंजिन मोठ्याचे काम करते. पण अधिक हवेबरोबर पेट्रोलही अधिक लागते; फार जोर पडला तर उष्णता आवरण्यासाठी कित्येक इंजिनांत प्रमाणापेक्षाही जास्त पेट्रोल सोडले जाते. म्हणजे टर्बोची काटकसर खरी, पण टर्बोला कामाला लावले नाही तोवरच! नव्या गाडीचा जोर भाच्या-पुतण्यांना दाखवण्याची हौस कोणाला नसते? गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावला येताना त्या हौसेची किंमत टाकीतला काटा सांगतो.

म्हणूनच पहिल्या हजारेक किलोमीटरांत गाडी बेताने चालवावी, हा सल्ला इंजिनाच्या आणि खिशाच्याही हिताचा आहे. नेमके अंतर गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. तासन्‌तास एकाच वेगाने जाऊ नये. पण बेताने म्हणजे वरच्या गिअरमध्ये कुंथत चालवणे नव्हे. कमी फेऱ्यांवर टर्बोचा दाब चढला की पिस्टनवर भलताच ताण येतो. तिथे खालचा गिअरच योग्य. सकाळी दहा मिनिटे गाडी जागेवर गुरगुरत ठेवणेही व्यर्थ. तेवढ्या वेळात पेट्रोल जळते आणि अंतर शून्य. बाजार, शाळा अशा छोट्या फेऱ्यांतही इंजिन तापण्याआधीच प्रवास संपतो, आणि थंड इंजिन नेहमीच खादाड असते.

विक्रेत्याचा आकडा खोटा नसतो. तो रस्त्यावरचा नसतो, इतकेच. तो प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठरीव वेगक्रमाने काढतात. शिवाय युरोपात रूढ झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या धूर-उत्सर्जनविषयक ८३व्या नियमानुसार तर चाचणीची गाडी आधी किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी लागते. परीक्षकच कोऱ्या गाडीची परीक्षा घेत नाहीत, तर मालकाने ती पहिल्याच टाकीवर का घ्यावी?

मोजायचे तर टाकी एकाच पंपावर, नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटर टिपावेत, पुन्हा तशीच भरून लिटरांनी भागावे. समोरच्या पडद्यावरचा आकडा अनेकदा थोडा उदार असतो. अशा चार-पाच टाक्यांची नोंद वहीत ठेवावी. तीन-चार हजार किलोमीटरांनंतरही आकडा हलला नाही, तर टायरमधील हवा, चाकाला घासणारा ब्रेक आणि टर्बोच्या नळीची गळती तपासून घेण्यासाठी ती वही घेऊनच कारखान्यात जावे.