तलावाची लादी आणि अनवाणी पाय

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात माझ्या भायखळ्याच्या दवाखान्यात तीन मुले तळपाय कापून घेऊन आली. पहिल्याला दोन टाके घालावे लागले, दुसऱ्याचे मलमपट्टीवर भागले. तिसऱ्याच्या अंगठ्याच्या बेचक्यातून मी चिमट्याने निळ्या लादीचा कपचा बाहेर काढला, तेव्हा उलगडा झाला. तिघेही एकाच टॉवरमधले आणि तिघेही तेथील पोहण्याच्या तलावावरून थेट आलेले.

मी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना निरोप धाडला. दोन दिवसांनी ते स्वतःच आले, काखेत लाद्यांची दोन कॅटलॉगे घेऊन. म्हणाले, "डॉक्टर, तलाव रिकामा करून सगळी लादी बदलायची ठरली आहे. तुम्हीच सांगा कोणती घ्यावी." मी म्हटले, मी काही मिस्त्री नाही. पण पाय बघणे हा माझा रोजचा धंदा आहे, तेव्हा पायांच्या बाजूने जेवढे कळते तेवढे सांगतो. त्यांना जे सांगितले तेच येथे देत आहे. तलाव नसलेल्या वाचकांनी आपली मोरी डोळ्यांसमोर आणावी; नियम बहुतेक तेच आहेत.

कमिटीचे मन एका गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या दगडावर बसले होते. गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलात पाहिलेला. पाणी कसे डोहासारखे दिसते म्हणे! मी सांगितले, डोहासारखे दिसते हाच त्यातला दोष आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर राहत नसले की श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार? लहान मूल तर काही आवाज न करता तळाशी जाते. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की चार-पाच मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. त्या अवधीत काठावरच्या माणसाला तळ स्वच्छ दिसला पाहिजे. पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या तळावर सावळे अंग लगेच उठून दिसते. काळ्या तळावर, वरून आकाशाची चमक पडलेली असताना, दिसत नाही. म्हणून तळाला फिका, एकरंगी, नक्षी नसलेला रंग घ्यावा. गडद रंग वापरायचाच तर पायऱ्यांच्या कडांना आणि खोली जेथे एकदम वाढते तेथे पट्ट्यासाठी वापरावा. या एका मुद्द्यावर मी सेक्रेटरींशी अर्धा तास वाद घातला आणि बाहेरचे पेशंट ताटकळले, त्याबद्दल त्यांची माफी मागतो.

दुसरा प्रश्न घसरण्याचा. आमच्या जुन्या चाळीतल्या मोऱ्यांत खडबडीत शहाबादी फरशी असे. दिसायला ओबडधोबड, पण पाय धरून ठेवायची. तीच माणसे पुनर्विकासानंतर चकचकीत बाथरूममध्ये आली आणि खुब्याच्या हाडाचे रुग्ण मला नव्याने दिसू लागले. साठी-पासष्टीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्यात हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, फुप्फुसांत कफ साठणे अशी माळ लागते, आणि काही आज्या त्यातून पुन्हा उठत नाहीत.

कॅटलॉगमध्ये 'अँटिस्किड, आर १०, आर ११' असे आकडे छापलेले असतात. सेक्रेटरी ते बोट ठेवून दाखवत होते. हे आकडे ज्या जर्मन चाचणीचे आहेत ती बूट घालून, तेल सांडलेल्या उतारावर चालून करतात. कारखान्यासाठी ती योग्यच आहे. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे. तीत साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या फळीवर माणसाला अनवाणी चालवतात आणि उतार हळूहळू वाढवत नेतात. १२ अंशांपर्यंत टिकली तर वर्ग ए, १८ पर्यंत बी, २४ पर्यंत सी. तलावाच्या भोवतालच्या वाटेला आणि शॉवरखाली बी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी, असा हिशेब धरावा. दुकानदाराला हे विचारा. त्याला ठाऊक नसेल तर एक लादी घरी आणा, साबणाचे पाणी ओता आणि भिंतीचा आधार घेऊन अनवाणी उभे राहून बघा. मात्र करवतीसारखी खरखरीतही नको. मधुमेही माणसाच्या बधिर पायाला ती सोलते आणि त्याला कळतही नाही.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर, काठावर काळा ग्रॅनाइट लावू नये. एप्रिल-मेच्या दुपारी तो तव्यासारखा तापतो. पायांची संवेदना गेलेला माणूस त्यावर निवांत उभा राहतो आणि रात्री तळपायाला फोड दिसतात.

आता दगड. कंत्राटदाराने काठासाठी कोटा सुचवला होता, कारण स्वस्त. कोटा, शहाबादी, कडप्पा हे तिन्ही मुळात चुनखडीचे दगड. गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू किंवा कोकम सांडले की पांढुरका डाग कायमचा बसतो. तलावाच्या पाण्याचा सामू साधारण ७.२ ते ७.८ ठेवतात. तो सांभाळला तर ठीक, पण आम्लता वाढली की असा दगड झिजून त्याला बारीक खड्डे पडतात आणि खड्ड्यांत शेवाळ धरते. पॉलिश केलेला कोटा ओला झाल्यावर कसा निसटता होतो ते निराळेच. त्यापेक्षा फिक्या रंगाचा, ज्योतीने भाजून खरबरीत केलेला ग्रॅनाइट बरा. कडा मात्र गोल करून घ्याव्यात. लादी पाणी न पिणारी हवी. व्हिट्रिफाइड लादी आपल्या वजनाच्या अर्धा टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, भिंतीची साधी सिरॅमिक लादी दहा टक्क्यांच्या वर शोषते. लादीच्या पाठीवर थोडे पाणी टाकून पाहिले तरी फरक कळतो.

लाद्यांमधल्या सांध्यांकडे कोणी बघत नाही. साधा सिमेंटचा सांधा झिजतो, त्यात बुळबुळीत थर साठतो आणि त्या थराखाली जंतू क्लोरिनपासून लपून राहतात. पोहणाऱ्यांचे कान ठणकतात ते बहुधा अशाच जंतूंमुळे. कपडे बदलण्याच्या खोलीत सतत ओल राहिली की चिखल्या आणि तळपायाच्या चामखिळी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. इपॉक्सीचा सांधा महाग पडतो, पण तेथे काटकसर करू नये.

शेवटी मी सेक्रेटरींबरोबर तलाव बघायला गेलो. जुनी लादी निघत होती आणि तळाशी तीन पोरे तोंडाला रुमाल बांधून कोरड्या कटरने ग्रॅनाइट कापत होती. पांढरा धुरळा उडत होता. ग्रॅनाइटमध्ये आणि व्हिट्रिफाइड लादीतही सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि काही वर्षांनी सिलिकोसिस होतो, ज्यावर उपचार नाही आणि ज्याच्या पाठोपाठ क्षयही गाठतो. रुमालाने ती अडत नाही. ऑस्ट्रेलियाने कृत्रिम क्वार्ट्झच्या दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली ती याच धुळीपायी. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा कापसाच्या धुळीने दमलेले गिरणी कामगार दवाखान्याच्या बाकावर बसलेले असत. त्यांचा खोकला मला अजून ऐकू येतो. सेक्रेटरींना मी तेथेच सांगितले: कटरवर पाण्याची धार सोडा, नीट बसणारे एन ९५ मास्क द्या, आणि काम संपल्यावर लादी धुवायला अ‍ॅसिड वापरणार असाल तर ते ब्लीचिंग पावडरच्या जवळही नेऊ नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरिन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच.

पाण्याची नळी त्याच संध्याकाळी आली. रंगाचा निकाल रविवारच्या सभेत लागायचा आहे. दोन सभासद अजून त्या काळ्या दगडावर अडून आहेत. दरम्यान, लादी निघत असलेल्या कोणत्याही जागी मुलांना अनवाणी सोडू नये. कपचा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, खोल गेलेला तुकडा घरी टोकरू नये, आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन केव्हा घेतले ते आठवून डॉक्टरांना सांगावे.