दुर्मीळ आजाराचा जमाखर्च

माझ्या वर्गातील एक विद्यार्थी दर महिन्याला सलग पाच दिवस गैरहजर राहू लागला. चौकशीअंती कळले की, श्रीवर्धन तालुक्यात मासळी विकणाऱ्या आपल्या आईला तो उपचारांसाठी मुंबईस नेतो. प्रथम तिचे तोंड आले. उष्णता समजून गुलकंद झाला, जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. पुढे छाती-पाठीवर पाण्याचे फोड उठले व फुटून कातडी सोलल्यासारखी झाली, तेव्हा कोणी नागीण म्हटले, कोणी देवीचा कोप. गिऱ्हाइकांनी तिच्या पाटीकडे पाठ फिरवली. निदान झाले ते आठव्या महिन्यात. आजाराचे नाव पेम्फिगस.

हा आजार दुर्मीळ खरा, पण गूढ नव्हे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडे यात स्वतःच्याच त्वचेवर उलटतात. ज्या प्रथिनांमुळे त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून असतात, त्यांवरच ती घाला घालतात. भिंतीतला चुना झडला की विटा सुट्या व्हाव्यात, तशा पेशी सुट्या होतात आणि मध्ये पाणी साचते. त्वचेचा तुकडा तपासला की निदान होते. स्पर्शाने वा रोग्याच्या हातच्या अन्नाने हा आजार कोणालाही होत नाही. म्हणजे त्या बाईंचे जे गिऱ्हाईक तुटले, ते रोगामुळे नव्हे, तर आपल्या अज्ञानामुळे.

१९५० च्या दशकात स्टेरॉइडे उपलब्ध होण्यापूर्वी बहुतेक रोगी दगावत. स्टेरॉइडांनी प्राण वाचले, पण दीर्घकाळ घेतल्याने मधुमेह, हाडांची झीज व जंतुसंसर्ग मागे लागू लागले. यावर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी एक मार्ग काढला : दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस शिरेतून डेक्सामेथासोन व त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड. दोन्ही औषधे जुनी, स्वस्त. अलीकडे रिटुक्सिमॅब हे प्रभावी औषध आले असून त्याची देशी आवृत्ती २००७ पासून मिळते. मात्र ती स्वस्त नाही.

परंतु औषधाची किंमत म्हणजे आजाराचा खर्च नव्हे. उपचारांचे तीन दिवस, येण्याजाण्याचे दोन, आणि माणसे दोन : महिन्याला दहा मनुष्यदिवस. दीड वर्ष उपचार चालले तर १८० होतात. अर्थशास्त्रात ज्याला संधिखर्च म्हणतात तो हाच. मासळीच्या हंगामात तो आणखी वाढतो. रुग्णालयाच्या पावतीवर मात्र तो कोठेच दिसत नाही.

घरच्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बरे वाटू लागले म्हणून स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. रक्तातील साखर व रक्तदाब तपासत राहावे. अन्न मऊ व बिनतिखट असावे, कपडे सैल व सुती असावेत. सोललेली कातडी अंथरुणाला चिकटू नये म्हणून केळीचे पान वापरण्याची पद्धत भारतीय रुग्णालयांत आहे. कोकणात त्याची वानवा नाही. पावसाळ्याच्या दमट दिवसांत ताप आला वा जखमेत पू दिसला, तर वेळ दवडू नये.

उरतो प्रश्न व्यवस्थेचा. २०२१ मध्ये अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु दिघीच्या माणसाला तेथवर पोहोचायलाही राजपुरीची खाडी ओलांडून मुरूडमार्गे जावे लागते. निदान व पहिले उपचार मोठ्या रुग्णालयात व्हावेत, हे योग्यच. पण प्रकृती स्थिरावल्यावर ठरलेले सलाइन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात देता आले, तर या १८० दिवसांतील बरेच दिवस वाचतील. त्यासाठी नवी इमारत नको. पूर्वतपासणीची सोय, प्रशिक्षित परिचारिका आणि महिन्यातील तीन ठरलेले दिवस हवेत.

दुर्मीळ रोगाचे रोगी थोडे, म्हणून त्यांचा आवाज क्षीण. तो विद्यार्थी त्या वर्षी परीक्षेस बसू शकला नाही. आई आता बरी आहे आणि पुन्हा बाजारात बसते. तिच्याकडून मासळी घ्यायला मात्र शासनाच्या आदेशाची गरज नाही. तेवढे आपल्याला आजच करता येईल.