बट्टा आणि भत्ता : परमुलुखातील खर्चाचा हिशेब

१

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेला विद्यार्थी निरोप घेण्यास विभागात येतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात एक आकडा हटकून येतो. तिकडील विद्यावेतनाला त्या दिवशीच्या विनिमय-दराने गुणून काढलेली ती रुपयांची रक्कम असते. आखाती देशांत नोकरीस निघालेल्या तरुणाच्या घरीही हाच गुणाकार झालेला असतो, आणि त्याच्या भरवशावर पुष्कळदा कर्जही काढलेले असते. गुणाकार बरोबर असतो. पण त्याने अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. उरलेला अर्धा प्रश्न कोणता, हे आपल्या भाषेतील दोन जुन्या शब्दांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते शब्द म्हणजे बट्टा आणि भत्ता.

एका नाण्याच्या बदल्यात दुसरे घेताना जी घट सोसावी लागते किंवा जी भर घालावी लागते, तिला बट्टा म्हणतात. वटाव, वटणावळ हे शब्द याच व्यवहारातले होत. ‘नावाला बट्टा लागणे’ या प्रयोगात सराफाच्या पेढीवरील हा शब्द माणसाच्या अब्रूपर्यंत पोचला. भत्ता हा शब्द वेगळा. कामानिमित्त घर सोडून राहावे लागल्यास पोटापाण्यासाठी पगाराव्यतिरिक्त जे मिळते तो भत्ता. त्याचा संबंध धान्य किंवा भात या अर्थाच्या शब्दाशी जोडण्यात येतो. कानडीत ‘भत्त’ म्हणजे साळीचे धान्य, हे सोलापूरच्या वाचकास सांगावयास नको. कंपनी सरकारच्या इंग्रज कारकुनांनी मात्र हे दोन्ही शब्द एकाच वर्णरचनेने लिहिले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्या एका नोंदीखाली दोन निराळे शब्द असल्याचे दाखवावे लागले. कारकुनांनी केलेला हा घोटाळा लिपीचा होता. आजचा प्रवासी अर्थाचा तोच घोटाळा करतो : तो बट्टा मोजतो आणि त्यातच भत्ता आला असे समजतो.

२

प्रथम बट्टा पाहू. यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९४८ पर्यंत सोलापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील हद्दीला निजामाचे राज्य लागत होते. तुळजापूर, नळदुर्ग ही गावे आजच्या अंतराने तासाभराच्या वाटेवर असली, तरी ती निराळ्या चलनाच्या मुलखात होती. इकडे इंग्रजी राज्याचा यंत्रावर पाडलेला, म्हणून ‘कलदार’ म्हटला जाणारा रुपया चाले. तिकडे ‘हाली शिक्का’. हाली म्हणजे चालू, वर्तमान. आपल्या तोंडातील ‘हल्ली’ हा शब्द त्याचाच सगोत्र होय. हिंदुस्थानातील संस्थानांपैकी स्वतःच्या कागदी नोटा काढण्याचा अधिकार हैदराबादला होता, आणि त्या १९१८ पासून निघू लागल्या. अखेरच्या काळात दर स्थूलमानाने सहा कलदारांना सात हाली असा होता. संस्थान विलीन झाल्यावरही हाली रुपया काही काळ भारतीय रुपयाबरोबर चालला आणि १९५९ मध्ये तो कायमचा रद्द झाला.

सोलापूरच्या हातमागांवर आणि, १८७७ मध्ये पहिली गिरणी सुरू झाल्यानंतर, गिरण्यांतही तेलंगणातून व मराठवाड्यातून आलेली अनेक कुटुंबे काम करू लागली. या माणसांची मजुरी कलदारात होती आणि मागे राहिलेल्या घराचा खर्च हालीत. समजा, एखाद्या विणकराने तीस कलदार रुपये गावी पाठविले. तेथे त्यांचे पस्तीस हाली झाले. पाच रुपये वाढले काय? सोलापुरात सहा कलदारांना मिळणारी ज्वारी त्याच्या गावी सात हालींना मिळत असेल, तर काहीच वाढले नाही. फक्त आकडा वाढला. ती सहा हालींना मिळत असेल, तर मात्र सातवा रुपया खरोखर शिलकी पडला. अर्थात लाभ बट्ट्यातून निघत नाही. तो दोन गावांच्या भावांतील फरकातून निघतो. आणि पैसे बदलून देणारा आपली वटणावळ कापून घेतो, ती वेगळीच.

ही वटणावळ आजही नाहीशी झालेली नाही; तिने फक्त रूप पालटले आहे. चलन विकत घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांतील अंतर हीच आजची वटणावळ होय. पैसे पाठविण्याचे शुल्क ‘शून्य’ असल्याची जाहिरात असते, तेव्हा ती बहुधा देऊ केलेल्या भावातच दडलेली असते. म्हणून शुल्क न विचारता, ‘मी इतके रुपये दिले तर पलीकडच्या हाती नेमके किती पडतील’, हे विचारावे. निरनिराळ्या पेढ्यांची तुलना त्या एका आकड्यानेच होऊ शकते.

३

आता भत्ता. परमुलुखात राहणे महाग पडते, ही जाणीव कंपनीच्या फौजेत पक्की होती. १७६६ मध्ये क्लाइव्हने बंगालमधील गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता बंद केला, तेव्हा त्यांनी सामुदायिक राजीनाम्यांचा कट केला. याहून बोधप्रद प्रसंग सिंधचा आहे. सिंध प्रांत परका होता तोवर तेथे जाणाऱ्या शिपायाला परमुलुखाचा भत्ता मिळे. १८४३ मध्ये तो कंपनीच्या राज्यात सामील झाला, आणि मुलूख आता परका राहिला नाही या कारणाने तो भत्ता थांबला. १८४४ मध्ये बंगालच्या काही पलटणींनी तेथे जाण्यास नकार दिला. शिपायांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. नकाशावरचा रंग बदलला होता. पण घरापासूनचे अंतर तेच होते, बाजारही तोच होता.

राहणीचा हा खर्च मोजण्याचे शास्त्र सोलापूरला नवीन नाही. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२० च्या दशकातच येथील गिरणी-कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी केली होती, आणि औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी भाव टिपण्याचे सोलापूर हे केंद्र पुढे अनेक वर्षे राहिले. त्या पद्धतीचे सार असे : कुटुंब कोणत्या वस्तूवर उत्पन्नाचा किती भाग खर्च करते ते प्रथम ठरवावयाचे, आणि मग त्या प्रमाणात भाववाढीला महत्त्व द्यावयाचे. महागाई भत्त्याचा पाया हाच.

अशीच तुलना दोन देशांच्या भावांची केली, म्हणजे क्रयशक्तीची समता मिळते. आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार २०१७ मध्ये अमेरिकेत एका डॉलरला जे मिळे, तेवढ्यासाठी भारतात सरासरी २०.६५ रुपये पुरत. बाजारातील विनिमय-दर मात्र ६५.१२ रुपये होता. म्हणजे येथून तेथे नेलेला रुपया आपल्या घरच्या मोलाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी उरत होता. या सरासरीतही सर्व वस्तू सारख्या नसतात. विमानाचे तिकीट किंवा संगणक यांचे भाव सर्वत्र जवळपास येतात. पण घरभाडे, केशकर्तन, शिजविलेले अन्न, म्हणजे जेथल्या तेथेच मिळणाऱ्या व माणसाच्या श्रमावर उभ्या असलेल्या गोष्टी, यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. शिवाय प्रवाशाची गरज सरासरी माणसाची नसते. सोलापुरात स्वस्त पडणारी ज्वारी दूरदेशी खास दुकानातून आणावी लागते. म्हणून प्रत्येकाने आपल्या गरजांची यादी स्वतः करावी हे उत्तम.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथातील विवेचन येथे स्मरते. रुपयाचे स्थैर्य त्याच्या परकीय हुंडणावळीवरून न जोखता त्याच्या सर्वसाधारण क्रयशक्तीवरून जोखावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. तो प्रश्न राष्ट्राचा होता. पण कुटुंबाच्या हिशेबालाही तोच निकष लागू पडतो.

४

वरील विवेचनावरून स्थलांतरितांचे तीन वर्ग पडतात. जो येथे मिळवून तेथे खर्च करतो, तो विद्यार्थी. त्याला बट्टा आणि तेथील महागाई ही दोन्ही सोसावी लागतात. जो तेथे मिळवून तेथेच खर्च करतो, त्याने रुपयांत गुणाकार करण्याचे कारणच नाही. त्याने आपला पगार तेथील भाड्याशी व बाजाराशीच ताडून पाहावा. आणि जो तेथे मिळवून येथे खर्च करतो, त्या आखातातील कामगाराला भावांतील फरक लाभदायक ठरतो; मात्र तेथे जगण्यापुरता खर्च वजा गेल्यावर उरलेल्या रकमेलाच तो लाभ होतो, पूर्ण पगाराला नव्हे.

एकच माणूस कालांतराने एका वर्गातून दुसऱ्यात जातो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रुपयांत कर्ज काढून शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला, शिक्षण चालू असता रुपया घसरला, तर अधिक कर्ज काढावे लागते. तेथेच नोकरी मिळाली, तर तीच घसरण फेडीच्या वेळी त्याला साह्यकारी होते. पण नोकरी न मिळता तो परतला, तर वाढलेले कर्ज त्याला येथल्याच पगारातून फेडावे लागते. तेव्हा कर्जाचा आकडा ठरविताना परत येण्याची शक्यता धरूनच तो ठरवावा. परत येणे यात कमीपणा नाही; पण ते हिशेबात न धरल्यास त्याचा भार वृद्ध आईबापांवर पडतो.

सोलापूरच्या मागावर बसलेल्या त्या जुन्या विणकराला हा सिद्धांत कोणी शिकविला नव्हता. आपला कलदार गावी गेल्यावर त्याचे हाली किती झाले, एवढे विचारून तो थांबत नसणार. त्या हालीत ज्वारी किती आली, हेही तो विचारीत असेल. परदेशी निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी विचारावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.