दगडावर उमटलेले रंग

आजोळच्या देवघरात राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीचे जुने चित्र असेल, तर त्यावर भिंग धरून पाहा. गालाचा गुलाबी रंग सलग नसून ठिपक्यांचा दिसेल. ठिपके काटेकोर ओळींत असतील तर ती अलीकडची ऑफसेट नक्कल समजा. वेडेवाकडे असतील तर ते बहुधा कारागिराने हाताने दिलेले आहेत, तेही दगडावर!

ही शिळाछाप. 1796 च्या सुमारास जर्मनीत सेनेफेल्डरने ती शोधली. तेल व पाणी मिसळत नाहीत, एवढ्यावर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, नत्राम्ल आणि डिंकाचे पाणी लावायचे. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. ओला दगड तिला झिडकारतो. प्रत्येक रंगाला मात्र वेगळा दगड! कागद केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर जायचे.

रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत असा छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. पनवेलहून बोरघाट चढून लोणावळा ओलांडले की हे गाव लागते. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने नंतर तो विकत घेतला. देवांची चित्रे घरोघर पोचली आणि व्यापाऱ्यांनी ती कॅलेंडरांवर, आगपेट्यांच्या लेबलांवरही उचलली.

जाहिरातदारांना ही युक्ती जगभर सापडली होती. मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून सिगारेट कंपन्या आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावरच खेळाडू छापू लागल्या. अमेरिकेत 1909 ते 1911 मध्ये निघालेली बेसबॉलपटूंची चित्रे काडेपेटीहून थोडीच मोठी, पण रंगकाम पाहत राहावे असे. मुले ती जमवीत. गिऱ्हाईक घडवण्याचा हा डाव मला तरी चित्रांइतका सुंदर वाटत नाही. होनस वॅग्नर या खेळाडूचे चित्र लवकरच मागे घेतले गेले. मुलांनी त्यापायी तंबाखू घेऊ नये म्हणून त्यानेच हरकत घेतली, असे सांगतात. पैशांवरून बिनसले, असेही काही म्हणतात. आज त्याच्या साठेक प्रती माहीत आहेत. 2022 मध्ये एक 70 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. भारतात 2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली.

मळवलीचा छापखाना 1972 मध्ये आगीत सापडला. तसेही शिळाछापात काम संपले की दगड घासून कोरा करीत आणि त्यावर दुसरे चित्र काढीत. त्यामुळे जुना कारागीर कसा ठिपका देत असे, हे पाहायला कागदच शोधावा लागतो. जुन्या ट्रंकेत, आगपेटीवर, कॅलेंडराच्या मागच्या पानांत.