गुंठाभर केंदाळ, मार्चअखेर सहा एकर

पावसाळा सरला की बंधाऱ्यांत पाणी अडवणारे बरगे पडतात आणि पंचगंगा वाहायची थांबते. शिरोळ तालुक्यात तेरवाड, शिरोळच्या बंधाऱ्यांमागे अडवलेलं हे पाणी उसाला हवंच असतं. जलपर्णीला, म्हणजे आपल्या केंदाळालाही असंच पाणी मानवतं: संथ, उबदार आणि कोल्हापूर-इचलकरंजीच्या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेलं.

ही वनस्पती मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एखाद्या रोपाचा फुगीर देठ चिरून बघा. आत हवेने भरलेला पांढरा, भुसभुशीत गर असतो. त्याच्याच जोरावर ती तरंगते. खाली काळपट-जांभळ्या मुळांचा झुपका, आणि बाजूला आडव्या धावत्या खोडाच्या टोकाला फुटलेलं पिल्लू. बी रुजेल तेव्हा रुजेल, पसरायचं काम ही पिल्लंच उरकतात. खत भरपूर असलं की साधारण दोन आठवड्यांत क्षेत्र दुप्पट. डिसेंबरच्या सुरुवातीला गुंठाभर असलेलं केंदाळ या वेगाने वाढलं, तर सोळा आठवड्यांत २५६ गुंठे होतं, म्हणजे सहा एकरांच्या वर. त्याच्या थराखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे तडफडू लागतात. मग पोकलेन बोलावलं जातं.

उपसलेल्या केंदाळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून वाहतूक परवडत नाही आणि ढीग काठावरच पडतात. तिथे ते कुजलं की नत्र-स्फुरद पुन्हा नदीत. पूररेषेच्या वर नेऊन कंपोस्ट केलं, तरच उपसण्याला अर्थ.

टू-फोर-डी हे तणनाशक ऊसवाल्यांच्या ओळखीचं. त्याने केंदाळ मरतं खरं, पण मेलेलं बुडतं, कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातं. शिवाय हेच पाणी लोक पितात. निओकेटिना जातीचे भुंगेरे भारतात १९८०च्या दशकात आणले गेले. त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात त्यांचा चांगला उपयोग झाला, पण त्यांचा जम बसायला वर्षं लागतात. आपल्याकडे दर पावसाळ्यात पूर केंदाळासकट सगळं राजापूर बंधाऱ्यापलीकडे कर्नाटकात नेऊन सोडतो, तेव्हा इथे त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येईल असं मला वाटत नाही.

सांडपाणी थांबणं हा खरा इलाज, तो वरच्या शहरांच्या हाती. शिरोळकरांच्या हाती आहे ती वेळ. बरगे घातल्याबरोबर काठाला अडकलेली लहान बेटं नावेतून ओढून काढता येतात. पण तेव्हा नदी चांगली दिसत असते. ओरड होत नाही आणि निविदाही निघत नाही.