एकच नाव, दोन क्रिया

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनच्या अभ्यासासाठी जी संगणकीय प्रारूपे वापरतात, ती मुख्यतः फोर्ट्रान भाषेत आहेत. १९५७ साली आलेली ही भाषा अजून टिकून आहे. अशा प्रारूपाचे भाग वेगवेगळे गट लिहितात. ते एकत्र जोडताना नावांचा घोळ होऊ शकतो.

१९९० च्या प्रमाणापासून फोर्ट्रानमध्ये ‘मॉड्यूल’ आले. त्यांत आपल्याला स्वतःची क्रियाचिन्हेही ठरवता येतात. चिन्हाचे नाव दोन टिंबांमध्ये लिहायचे. समजा, ‘पर्जन्य’ मॉड्यूलमध्ये .फरक. म्हणजे सरासरीपासूनचा फरक मिलिमीटरमध्ये, आणि ‘टक्केवारी’ मॉड्यूलमध्ये तोच फरक टक्क्यांत. सरासरी २०० मिलिमीटर आणि प्रत्यक्ष पाऊस १७० असेल, तर पहिले उत्तर उणे ३० व दुसरे उणे १५. हवामान खाते उणे १९ टक्क्यांपर्यंतचा पाऊस ‘सामान्य’ मानते, त्यापुढे ‘अपुरा’. म्हणजे उणे ३० हे टक्के समजले गेले, तर सामान्य पावसाचा जिल्हा तुटीचा ठरेल!

दोन्ही मॉड्यूल एकदम घेतली, तर कोणता फरक हवा हे कंपायलरला ठरवता येत नाही. तो चूक दाखवून थांबतो. यावर २००३ च्या प्रमाणाने उपाय दिला (आज्ञा रोमन लिपीत लिहितात, येथे फक्त उच्चार दिला आहे):

यूज टक्केवारी, ऑपरेटर(.टक्केफरक.) => ऑपरेटर(.फरक.)

डावीकडे नवे नाव, उजवीकडे मूळचे. नव्या नावात फक्त अक्षरे चालतात, अंक नाहीत. लांबी ६३ अक्षरांपर्यंत. पूर्वी सासरी आधीच एखादी सुमन असली, तर नव्या सुनेचे नाव तांदळात लिहून बदलत; माहेरी मात्र ती सुमनच राही. तसेच हे नाव आपल्या आज्ञावलीपुरते असते. मूळ मॉड्यूलला धक्का लागत नाही.

मात्र +, − किंवा == या भाषेच्या मूळ चिन्हांना नवे नाव देता येत नाही. मॉड्यूल त्यांना नव्या प्रकारच्या राशींसाठी अर्थ देऊ शकते, पण चिन्ह तेच राहते. शिवाय नाव बदलले तरी अग्रक्रम बदलत नाही: दोन राशींमधले आपण ठरवलेले चिन्ह सर्वांत शेवटी सोडवले जाते. म्हणून ‘क .टक्केफरक. ख + ग’ यात आधी ख आणि ग यांची बेरीज होते. तशी नको असेल तर कंस घालावा.

वर्गात फळ्यावर नुसते ‘उणे ३०’ लिहून ‘कशाचे?’ असे विचारून पाहा. एकक लिहिण्याचा आग्रह आपण का धरतो, हे मुलांना लगेच उमगेल. क्रियाचिन्हाला नेमके नाव देण्यामागेही हेच कारण आहे.