तयार क्लास आणि आपला कन्स्ट्रक्टर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी वसलेलं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथली पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते, असं सांगतात. समजा, या वारीच्या नोंदणीसाठी ‘वारकरी’ आणि ‘मुक्काम’ अशी टेबलं केली. एंटिटी फ्रेमवर्क त्यांवरून सी शार्पचे क्लास आयते बनवून देतं. नव्या वारकऱ्याची स्थिती आपोआप ‘नोंदणी बाकी’ यावी, एवढंच आपल्याला हवं असतं. हे लिहायची जागा म्हणजे कन्स्ट्रक्टर, ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड. पण नेमकी इथेच चूक होते.

गैरसमज : तयार फाइलमध्ये एक ओळ घातली की काम झालं.
वस्तुस्थिती : टेबलात एखादा रकाना वाढला आणि क्लास पुन्हा बनवले की ती ओळ गेली. तयार क्लास ‘पार्शियल’ असतो, म्हणून आपला कोड वेगळ्या फाइलमध्ये त्याच नावाच्या पार्शियल क्लासात ठेवा. नेमस्पेस आणि प्रोजेक्ट मात्र तेच हवेत.

गैरसमज : पार्शियल क्लासात कोणताही कन्स्ट्रक्टर लिहिता येतो.
वस्तुस्थिती : वारकऱ्याला मुक्कामांची यादी जोडलेली असेल, तर एंटिटी फ्रेमवर्क ६ ती मांडण्यासाठी पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर स्वतःच लिहितं. तसाच दुसरा लिहिला तर कंपायलर अडवतो. पॅरामीटर असलेला चालतो, पण त्यातून ‘धिस’ने आधीचा कन्स्ट्रक्टर बोलवा, नाहीतर यादी नल राहते. तयार क्लासात कन्स्ट्रक्टरच नसेल, तर पॅरामीटरवाल्याबरोबर रिकामाही लिहा. नाहीतर आवृत्ती ६ ला डेटाबेसमधून ऑब्जेक्ट उभाच करता येत नाही.

गैरसमज : कन्स्ट्रक्टर फक्त नव्या नोंदीच्या वेळी चालतो.
वस्तुस्थिती : टेबलातून हजार वारकरी वाचले तर तो हजार वेळा चालतो, मग टेबलातली मूल्यं त्यावर बसतात. म्हणून ‘नोंदणी बाकी’ तिथे लिहायला हरकत नाही. पावती क्रमांक देणं किंवा एसएमएस पाठवणं मात्र तिथे नको. त्यासाठी वेगळी मेथड करा.

गैरसमज : पॅरामीटर नसलेला पब्लिक कन्स्ट्रक्टर असायलाच हवा.
वस्तुस्थिती : एंटिटी फ्रेमवर्क कोअर २.१ पासून, म्हणजे २०१८ पासून, पॅरामीटरची नावं प्रॉपर्टींशी जुळली की तो कन्स्ट्रक्टर चालतो. प्रायव्हेट असला तरी चालतो. मुक्कामांची यादी मात्र त्यातून देता येत नाही.

हाच बदल प्रत्येक क्लासात हवा असेल, तर क्लास बनवणारं टेम्प्लेटच बदला. कोअर ७ पासून ती सोय आहे. तयार फाइल यंत्राची, वेगळी फाइल आपली, ही शिस्त पहिल्याच दिवशी लावा.